पळसनाथाच्या पायरीवर

एच. जी. वेल्सच्या १८९५ सालच्या कादंबरीतील यंत्र काळ ओलांडते, पण आपली जागा सोडत नाही. वर्गात हे सांगताना आम्हांला पळसदेव आठवे.

इंदापूर तालुक्यातील भीमाकाठचे हे गाव. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाने जुने पळसदेव पोटात घेतले. माणसे वर, पुणे–सोलापूर रस्त्याकडे, येऊन वसली. पळसनाथ मात्र जागीच राहिला. एखाद्या कडक उन्हाळ्यात जलाशय आटला की ते प्राचीन मंदिर गाळासकट बाहेर येते.

आमच्या आईचे ते माहेर. "एकदा देवाला नेऊन आण रे," असे ती म्हणे. एका वर्षी मंदिर उघडे पडल्याचे कळले, तेव्हा आमच्यापुढे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. "पुढच्या उन्हाळ्यात जाऊ," आम्ही म्हणालो. पुढच्या उन्हाळ्यात पाणी हटले नाही. पुढे हटले, तेव्हा आई नव्हती.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही एकटेच गेलो. तिने सांगितलेला आड, घाटाची वाट शोधत चिखलातून हिंडलो. सापडले असे वाटले की आनंद होई, आणि तो कोणाला सांगावा, या विचाराने लगेच मावळे. भोवती ऊस डोलत होता. ज्या पाण्याने आईचे माहेर नेले, त्याच पाण्याच्या उपशावर वडिलांचा ऊस पिकला आणि उसाच्या पैशावर आम्ही शिकलो. वेल्सचे यंत्र हाती आले असते, तरी धरण अडवायला आम्ही गेलो असतो काय? प्रामाणिक उत्तर 'नाही' असेच आहे. आम्हांला हवा होता तो केवळ गठ्ठ्यांपुढचा एक दिवस.

परतताना भिगवणवरून बारामतीला आलो. कऱ्हाकाठी मोरोपंतांची (१७२९–१७९४) आठवण येणारच. आयुष्यभर आर्या रचून कीर्ती मिळवलेला हा कवी 'केकावली'त आपले दोष कबूल करतो. तो गेलेली वर्षे परत मागत नाही, करुणा मागतो. केका म्हणजे मोराचा टाहो. वर्षानुवर्षे आम्ही मुलांकडून पृथ्वी वृत्ताचे गण मोजून घेतले. टाहो ऐकायचा राहून गेला.

पावसाळ्यात पाणी पुन्हा चढले, मंदिर दिसेनासे झाले. त्या वर्षी 'केकावली' शिकवताना आम्ही आधी आईची गोष्ट सांगितली. वृत्त दुसऱ्या दिवशी घेतले.