कणीस, दाणा आणि ओल

पनवेल तालुक्यातल्या बेलपाड्यात ज्वारी पिकत नाही. हा मूळचा भाताचा आणि खाजणांचा मुलूख. आता तिथे मेट्रोचे स्थानक आहे आणि ज्वारी दिसते ती वाण्याकडे, ‘मालदांडी’ या नावाने. तरीही कोणत्या लक्षणावरून वाण निवडावा, हा ज्वारीच्या पैदाशीतला जुना वाद समजून घ्यायला पनवेल सोयीचे आहे. इथल्या खार जमीन संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी पनवेल १, २ आणि ३ हे भाताचे वाण दिले. गोड्या खाचरात लोंबी जितकी भरगच्च तितके भात जास्त, हा हिशेब बहुधा जुळतो. फुलोऱ्याच्या वेळी क्षार चढले, की त्याच भरगच्च लोंबीत फोल दाणे राहतात आणि मुळांनी किती सोडियम अडवले यावर उत्पन्न ठरते. झाडाच्या एखाद्या लक्षणाचे उत्पन्नाशी असलेले नाते जमीन आणि पाणी ठरवतात, असे माझे म्हणणे आहे. रब्बी ज्वारीइतका त्याचा ठसठशीत पुरावा दुसरा नाही.

ज्वारी ४५ बाय १५ सेंटिमीटरवर पेरली तर हेक्टरी सुमारे १.४८ लाख झाडे बसतात. कणसामागे १० ग्रॅम दाणा वाढला तर हेक्टरी पावणेपंधरा क्विंटलची भर! मोठे कणीस निवडायचा मोह होतो तो इथेच. पण कणीस उकलून पाहावे. त्यात कणिशके जोडीने असतात. बिनदेठाचे दाणा धरते, देठाचे बहुधा वांझ राहते. दाणे किती धरू शकतील हे बरेचसे फुलोऱ्यापर्यंत ठरते आणि ते किती भरतील हे त्यानंतर, दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका उमटेपर्यंत. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेल्या कोरडवाहू पिकाला या दुसऱ्या टप्प्यात पावसाचा भरवसा नसतो, काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवरच त्याला निभावावे लागते. मोठे पान आणि मोठे कणीस घडवताना ती ओल खर्ची पडली, की दाणे पुष्कळ पण चिमलेले निघतात. खोल जमिनीत जे लक्षण उत्पन्न वाढवते, तेच मुरमाड रानात तोट्याचे ठरते.

यावर पैदासकार सहकारी म्हणतील, की म्हणूनच तर आपण पथ-विश्लेषण करतो. स्यूअल राइट यांनी १९२१मध्ये ही पद्धत मांडली आणि १९५९मध्ये ड्यूई आणि लू यांनी ती एका गवताच्या बीजोत्पादनाला लावल्यापासून पीक पैदासकारांच्या हाती ती कायमची आली. प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष परिणाम ती वेगळे करते, हे खरे. पण तिच्यात घालतो काय? कणसातले दाणे आणि दाण्याचे वजन! यांचा गुणाकार म्हणजेच झाडाचे उत्पन्न. वर कापणी निर्देशांकही घालतात. त्याच्या तर अंशस्थानीच उत्पन्न बसलेले असते. मग ‘या गुणांचा उत्पन्नाशी दृढ संबंध आढळला’ असा निष्कर्ष निघतो. हे अंकगणित झाले. झाडाविषयी त्यातून नवे काही कळत नाही.

उंचीचे पाहा. १९६४ साली आलेला सीएसएच-१ हा देशातला पहिला व्यापारी संकरित ज्वारीचा वाण ठेंगणा आणि लवकर येणारा होता. खरिपात या ठेवणीने उत्पन्न वाढले, तेव्हा ठेंगणेपणा म्हणजे प्रगती असे समीकरण झाले. रब्बीत मात्र १९३०च्या दशकात मोहोळला स्थानिक वाणातून निवडलेली उंच मालदांडी ३५-१ अजून पाय रोवून आहे. शेतकरी जुन्याला चिकटतो म्हणून असे होते, हा आक्षेप मला पटत नाही. रब्बीसाठीही संकरित वाण निघाले. पण खोडमाशी, थंड रात्रींत दाणा न धरणे आणि भाकरीची प्रत यांपैकी कुठेतरी ते अडले. शिवाय कडब्याला मोल असते. उंची कापली की वैरण कापली जाते, आणि दाण्याच्या कोष्टकात तो तोटा दिसतच नाही.

मग कोणतेच लक्षण भरवशाचे नाही का? आहे, पण त्यामागची पाण्याची वाट माहीत हवी. दाणा भरताना पाने हिरवी राहण्याचा गुण घ्या. इथिओपियन ज्वारीतून आलेल्या बी-३५ या वाणात तो ठळक आहे. त्याच्या जनुकीय जागांचा अभ्यास सांगतो, की असे झाड आधी फुटवे आणि वरची पाने आवरते, त्यामुळे फुलोऱ्यानंतर ओल उरते. खोडही टिकते, खडखड्या रोगाने लोळत नाही. हिरवेपणा हा वाचवलेल्या पाण्याचा परिणाम असतो. म्हणून जिथे पाणी मुबलक तिथे त्याचा फारसा फायदा दिसत नाही.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यमसाठी फुले सुचित्रा, भारीसाठी फुले वसुधा आणि बागायतीसाठी फुले रेवती अशी जमिनीप्रमाणे विभागणी केली, ती मला म्हणूनच योग्य वाटते. संशोधन लेखांनीही तेवढे करावे. सहसंबंधाच्या कोष्टकाशेजारी जमिनीची खोली आणि फुलोऱ्याच्या वेळची ओल छापलेली नसेल, तर त्या कोष्टकावरून कोणी वाण निवडू नये.