शेवटच्या दोन ओळी

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. बीएडला असताना आमचे एक प्राध्यापक म्हणायचे, पत्रलेखनाचे गुण मुलांच्या हातचे जाऊ देऊ नका. वीस वर्षं मी ते जाऊ दिलेले नाहीत. तारीख, मायना, मजकूर, समारोप अशी चौकट फळ्यावर आखायची आणि मुलांनी ती उतरवून घ्यायची. ‘आजारी मित्रास पत्र लिहा’ असा प्रश्न आला की चाळीस वह्यांत चाळीस मित्र एकाच वाक्याने बरे होतात. तपासताना मलाही ते खटकत नसे.

खरं पत्र कसं लिहितात हे मी शिकलो ते आमच्या गल्लीपलीकडे राहणाऱ्या एका निवृत्त पाळकांकडे.

नगरमध्ये ख्रिस्ती शेजार काही नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये इथं आपलं ठाणं केलं, तेव्हापासून हे लोक आमच्या शाळांत, दवाखान्यांत, बाजारात आहेत. चर्चच्या सभासदांना ते ‘मंडळी’ म्हणतात आणि मंडळीची काळजी वाहणाऱ्याला ‘पाळक’. शब्द मेंढपाळावरून आला आहे. आमचे पाळकसाहेब मला भेटले की ‘सलाम, सर’ म्हणत. सुरुवातीला मला वाटलं, मी मुसलमान म्हणून. नंतर कळलं, त्यांच्या घरात आजोबांपासून सलामच चालत आला होता.

२०१७ च्या पावसाळ्यात ते शाळेत आले. ‘बाहेरच्या फलकावर सुविचार कोण लिहितं?’ मी म्हटलं, मीच. म्हणाले, ‘मग तुमचा हात मला उसना हवाय.’ त्यांना कंपवात झाला होता. निवृत्तीनंतर रविवारची उपासना, लग्नं, दफनविधी नव्या पाळकांकडे गेले. पण बाहेरगावच्या माणसांना पत्रं लिहिण्याचं काम त्यांनी मागून घेतलं होतं. कामधंद्यासाठी पुण्या-मुंबईला गेलेली घरं, खेड्यात एकटे राहिलेले म्हातारे, हॉस्पिटलात पडलेले, नवरा गेलेल्या बायका. आता पेन कागदावर टेकलं की रेघ कुठंही जायची.

मी त्यांना पहिल्याच संध्याकाळी माझी अडचण सांगितली. ईसा अलैहिस्सलाम आमचेही पैगंबर आहेत, पण तुमच्या पत्रात ‘प्रभू येशूच्या नावाने’ अशी प्रार्थना असणार. ती मनापासून लिहिली तर माझ्या ईमानाशी खोटं होईल, आणि नुसती कारकुनी म्हणून लिहिली तर पत्र वाचणाऱ्याशी. बोलताना मलाच ओशाळल्यासारखं झालं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘ती ओळ तुमच्याकडून लिहून घेतली तर चूक माझी होईल. प्रार्थना मी लिहीन.’

मग त्यांनी पवित्र शास्त्र काढलं. नव्या करारातली सत्तावीसपैकी एकवीस पुस्तकं म्हणजे पत्रंच आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं. रोमच्या मंडळीला पौलाने पाठवलेलं पत्र लिहून घेणारा तर्तिय नावाचा माणूस होता. शेवटी शेवटी तो मध्येच स्वतःचा सलाम घालतो. आणि गलतीकरांच्या पत्राच्या अखेरीस पौल सांगतो की आता मी स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरांत लिहितो आहे. त्याची नजर अधू असावी असं काही अभ्यासकांना वाटतं. ‘म्हणजे आपली पद्धत जुनीच आहे,’ पाळकसाहेब म्हणाले.

तसंच ठरलं. मजकूर माझ्या अक्षरात, शेवटच्या दोन ओळी त्यांच्या. अक्षर हरभऱ्याएवढं, थरथरतं. दोन ओळींना पंधरा मिनिटं लागायची. तेवढा वेळ मी खिडकीबाहेर बघत बसायचो, कारण मी बघितलं की हात जास्तच थरथरे.

पत्रांत काय होतं ते मी इथं लिहिणार नाही, नावं-गावं बदलूनही नाही. पण माझ्या चुका माझ्या आहेत, त्या सांगता येतील.

एका पत्रात मी त्यांच्या साध्या वाक्याला इस्त्री करून ‘आपल्या दुःखात आम्ही सर्व सहभागी आहोत’ असं केलं. त्यांनी विचारलं, ‘आम्ही सर्व म्हणजे कोण? एवढे जण आलेत का त्यांच्या घरी?’ पान फाडून पुन्हा लिहावं लागलं. दुसऱ्यांदा मी ‘देवाची इच्छा’ घातलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘सर, हे ज्याचं माणूस गेलं त्यानं म्हणायचं. आपण म्हटलं की त्याला ऐकू येतं, गप्प बस.’ मी त्या रात्री नीट जेवलो नाही. ‘अल्लाह की मर्जी, सब्र करो’ हे आजवर मी किती दारांत उभं राहून म्हटलं असेल! त्यात खोटं काही नाही, सब्र आमच्या दीनचा कणा आहे. पण मी ते बहुतेक वेळा लवकर निघता यावं म्हणून म्हटलं होतं.

त्यांच्याकडे एक लांबट वही होती. तिच्यात मृत्यूच्या, लग्नाच्या, ऑपरेशनच्या तारखा. माणूस गेल्यावर पहिल्या आठवड्यात ते पत्र पाठवत नसत. ‘तेव्हा घर भरलेलं असतं. तिसऱ्या महिन्यात रिकामं होतं.’ मला आमची इद्दत आठवली. नवरा गेलेली बाई चार महिने दहा दिवस घरात असते आणि चाळिसावं झालं की दाराशी चपला दिसेनाशा होतात. गेलेल्याचं नाव पत्रात आलंच पाहिजे, आणि त्याची एक तरी खरी आठवण. चर्चला येणं सोडलेल्याला लिहिताना हजेरीचा विषय नाही. पैशाचा तर कधीच नाही. पोस्टकार्ड पन्नास पैशांना मिळायचं, पण ते सुनेपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे वाचतात, म्हणून पाच रुपयांचं पाकीट. खर्च त्यांच्या पेन्शनमधून.

एकदा असरच्या नमाजनंतर एकाने मला बाजूला घेतलं. ‘सर, सुना है चर्च का काम करते?’ मी म्हटलं, बीमार लोगों को खत लिखता हूँ. तो थोडा विचारात पडला, आणि दुसऱ्या दिवशी पाणीपट्टी जास्त आल्याचा तक्रारअर्ज माझ्याकडून लिहून घेऊन गेला.

मीही पाळकसाहेबांना आमच्याकडचं सांगायचो. चौदाव्या शतकात बिहारमधले सूफी शेख शर्फुद्दीन यह्या मनेरी यांनी चौसा इथल्या काझी शम्सुद्दीनना शंभर पत्रं लिहिली, कारण काझींना कामामुळे त्यांच्याजवळ येऊन राहता येत नव्हतं. ‘एकाच माणसाला शंभर?’ पाळकसाहेब खूश झाले. मग मी मौलाना आझादांची गोष्ट काढली. १९४२ पासून ते आमच्याच नगरच्या किल्ल्यात कैदेत होते. तिथं त्यांनी आपल्या मित्राला, हबीबुर्रहमान खान शेरवानींना पत्रं लिहिली. पोस्टात न पडलेली ती पत्रं पुढं ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून छापली गेली. एप्रिल १९४३ मध्ये तिकडे कलकत्त्यात त्यांची पत्नी झुलैखा बेगम वारली. त्याबद्दलही त्यांनी लिहिलं आहे. मी हे सगळं उर्दूच्या मास्तराच्या थाटात सांगत होतो. पाळकसाहेबांनी एकच विचारलं, ‘मौलानांना कुणी लिहिलं का?’

२०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. ते फोनवर मजकूर सांगायचे, मी लिहून त्यांच्या फाटकावरच्या पिशवीत ठेवायचो, ते आपल्या दोन ओळी घालायचे. तीन महिन्यांत त्रेसष्ट पत्रं झाली. त्याच दिवसांत माझ्या नववीतल्या एका मुलाचे वडील गेले. पालकांच्या ग्रुपवर बातमी आली. मी वरच्या माणसाचा ‘इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन’ दाबून धरला, कॉपी केला आणि खाली चिकटवला. आयत खरी, ती म्हणायचीच असते. पण मी ती म्हटलीही नव्हती. फोन केला नाही. स्वतःला सांगितलं, लॉकडाऊन आहे. आणि त्याच संध्याकाळी मी कधी न पाहिलेल्या एका घरासाठी दोन पानी पत्र शांतपणे लिहून दिलं. पुढं तो मुलगा ऑनलाइन तासांना दिसेनासा झाला. मी गैरहजेरी मांडत राहिलो.

मे महिन्यात अम्मी गेली. जनाज्याला आम्ही मोजके जण. मोबाइल दोन दिवस वाजत होता, सगळ्यांचा संदेश तोच, मी इतरांना पाठवायचो तो. तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

ऑगस्टमध्ये पोस्टमनने एक पाकीट दिलं. पत्ता हरभऱ्याएवढ्या अक्षरात. आत अख्खं पान त्यांनी स्वतः लिहिलेलं. किती दिवस लागले असतील, कोण जाणे. त्यात अम्मीच्या चहाची आठवण होती. ते पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा कपबशी खडखडली. अम्मी काही बोलली नाही, आत जाऊन मोठ्या मगात अर्धाच चहा घेऊन आली. नंतर जेव्हा जेव्हा ते आले, त्यांना तोच मग आणि अर्धाच चहा. ‘माझ्या घरातसुद्धा हे कुणाला सुचलं नव्हतं,’ असं त्यांनी लिहिलं होतं. मी त्याच घरात राहत होतो. मला ते कधी दिसलं नव्हतं. खाली दोन ओळींची जागा कोरी होती आणि कंसात लिहिलं होतं, ‘इथं तुम्ही लिहा.’

त्याच आठवड्यात मी त्या मुलाला पत्र लिहिलं. सुरुवातीलाच लिहिलं की मी तेव्हा फोन करायला हवा होता, केला नाही. मग त्याच्या वडिलांबद्दल. गॅरेजमध्ये काम करायचे. पालकसभेला हात काळे म्हणून दाराबाहेरच उभे राहायचे आणि एवढंच विचारायचे, ‘मराठीत किती मिळाले?’ ते स्वतः दहावीला मराठीतच अडकले होते. पत्र मी मराठीतच लिहिलं. शेवटी मगफिरतची दुआ, माझ्याच शब्दांत.

उत्तर आलं नाही. पाळकसाहेब म्हणाले, ‘उत्तरासाठी लिहिलं होतं का?’ खरं सांगायचं तर, हो. पुढच्या वर्षी तो मुलगा शाळेत आला, १७ नंबरचा फॉर्म भरायचा होता. दिवसा वडिलांच्याच गॅरेजात बसत होता. त्याच्या प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, आणि मध्ये माझं पाकीट. मी पाहिलं हे त्यानं पाहिलं. आम्ही दोघंही फॉर्मबद्दलच बोललो. मराठीत त्याला पुढं बासष्ट मिळाले.

पाळकसाहेब २०२३ च्या डिसेंबरात गेले, नाताळच्या आधी. वही नव्या पाळकांकडे गेली, तिथंच जायला हवी होती. मी तिसऱ्या महिन्यात काकूंना पत्र लिहिलं, तिसऱ्या खेपेला कुठं जमलं. त्यांचं घर माझ्या दारातून दिसतं, तरी पाकिटावर तिकीट लावून पोस्टात टाकलं. पोहोचायला सहा दिवस लागले. काकू फाटकाशीच भेटल्या, पाकीट हातात होतं. म्हणाल्या, ‘मास्तर, पिन कोड चुकलाय तुमचा.’ मग म्हणाल्या, ‘आत या, चहा ठेवते.’