दोन-सहाच्या बांगड्या

डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी कासारीण घरी आली. आईनं तिला दारातच हळू आवाजात सांगितलं, "जरा मोठं माप काढा, तिचे हात सुजलेले असतात." तिनं दोन-आठच्या बांगड्या काढल्या, माझा पंजा हातात घेतला, अंगठ्याचं मूळ दाबून पाहिलं आणि त्या बाजूला ठेवून दोन-सहाच्या घेतल्या. हिरव्या काचेची एकेक बांगडी बोटांच्या मुळांवरून सरकत मनगटावर आली. दुखलं नाही. चार वर्षांत पहिल्यांदाच कुणी माझा पंजा असा दाबला आणि मी हात मागे ओढला नाही. आई स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली. "बरी झाली गं माझी पोर," म्हणाली. त्या दिवशी मलाही तसंच वाटलं होतं.

मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. आपल्याकडे संधिवात म्हणतात, कुणी आमवात. संधिवात म्हटलं की लोकांना गुडघ्यावर हात टेकून उठणारी आजी आठवते. मला तो २७व्या वर्षी झाला. जंतूंशी लढणारी शरीराची यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, असा हा आजार. पुरुषांपेक्षा बायकांना तो दोन-तीन पटींनी अधिक होतो आणि कितीतरी जणींना ऐन मूल होण्याच्या वयात गाठतो. सकाळी तासभर माझी मूठ मिटत नसे. कुकरचं झाकण लागत नसे, सांडशी धरवत नसे, ओला टॉवेल पिळायला नवऱ्याला हाक मारावी लागे.

मला पुन्हा पोळ्या लाटायला लावलं ते दर रविवारच्या मेथोट्रेक्सेटनं. पण हीच गोळी गर्भाला घातक. गर्भपात होऊ शकतो, बाळात व्यंग राहू शकतं. आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, "मूल हवं असं वाटलं की आधी मला सांगा. दिवस गेल्यावर नको." आम्ही ठरवलं, त्यांना सांगितलं, गोळी थांबली आणि पुढचे तीन महिने नुसती वाट पाहायची होती. त्या काळात मनगटं पुन्हा धरली. हवंहवंसं काही येणार म्हणून दुखणं अंगावर घ्यायचं, हे मी तिथेच शिकले.

दिवस गेल्यावर घरात एकच सल्ला सुरू झाला : आता सगळी औषधं बंद. आईचा, सासूबाईंचा, शेजारच्या काकूंचा. सगळा मायेपोटी. पण तो चुकीचा होता आणि ते मला ठामपणे सांगायचं आहे. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि सल्फासॅलझिन गरोदरपणात चालतात, दुसरीबरोबर फॉलिक ॲसिड जास्त घ्यावं लागतं, स्टेरॉइडचा लहान डोसही गरजेपुरता देतात. उलट आजार पेटता राहिला तर मूल दिवस भरायच्या आधी जन्मण्याची, वजनानं कमी भरण्याची शक्यता वाढते. साध्या वाटणाऱ्या वेदनाशामक गोळ्याच उत्तरार्धात टाळायच्या असतात, कारण त्यांचा परिणाम बाळाच्या मूत्रपिंडांवर आणि हृदयाजवळच्या एका रक्तवाहिनीवर होऊ शकतो. म्हणजे "औषध वाईट" असं सरसकट काही नसतं. कुठलं आणि कधी, हे विचारायचं असतं. मी सासूबाईंना पुढच्या तपासणीला सोबत नेलं. त्यांनी स्वतः डॉक्टरांना चार प्रश्न विचारले आणि त्या दिवसापासून माझ्या गोळ्यांची वेळ त्याच सांभाळू लागल्या.

चौथ्या महिन्यात एके सकाळी दात घासताना लक्षात आलं, की मी ब्रश नीट मुठीत धरला आहे. आधी भीती वाटली, नजर लागेल म्हणून कुणाला सांगितलंही नाही. पुढे कळलं, की हे फार पूर्वीपासून पाहिलं गेलं आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी १९३८ साली गरोदरपणात संधिवात ओसरलेल्या बायकांची निरीक्षणं प्रसिद्ध केली होती. काविळीतही रुग्णांना असाच आराम पडतो, हे त्यांनी आधी टिपलं होतं. शरीरच एखादं द्रव्य तयार करत असेल, या तर्काच्या मागे जाता जाता ते आणि एडवर्ड केंडल कॉर्टिझोनपर्यंत पोचले. १९४८ साली ते पहिल्यांदा एका रुग्ण बाईला दिलं गेलं, १९५० साली नोबेल मिळालं. मी सकाळी घेत असलेली प्रेडनिसोलोनची इवली गोळी त्याच कुळातली. कुठल्या तरी पोटुशी बायकांनी त्या डॉक्टरांना "आता दुखत नाही हो" म्हटलं असेल, आणि ते खरं मानून कुणीतरी लिहून ठेवलं, म्हणून ती गोळी माझ्या तळहातावर आली.

सगळ्या आरामाचं उत्तर मात्र कॉर्टिझोनमध्ये नव्हतं. बाळ निम्मं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराला निम्मं परकं. त्याला सांभाळून घेण्यासाठी तिची संरक्षक यंत्रणा आपला पवित्रा बदलते. १९९३ साली संशोधकांनी मांडलं, की आई आणि बाळ यांच्या पेशींवरच्या काही खुणा जितक्या वेगळ्या, तितका आराम पडण्याचा संभव जास्त. माझ्या शरीराला माझीच बोटं परकी वाटत होती. त्यानं या पाहुण्याला जागा दिली, आणि पाहुण्याच्या निमित्तानं मलाही.

डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, की हा आराम सगळ्याच जणींना मिळत नाही, आणि ज्यांना मिळतो त्यांच्यापैकी पुष्कळ जणींचा आजार बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत उसळतो. आम्ही ऐकलं आणि विसरलो. डिंकाचे लाडू, अळीव, दुपटी, पाळणा, सगळी तयारी झाली. रात्री बाळाला उचलणार कोण, हे मात्र कुणी ठरवलं नाही.

सव्वा महिना झाला आणि दुखणं परतलं. लेक रडायची, आणि तिला पाळण्यातून उचलायला माझे पंजे तयार नसायचे. झबल्याचे बंद बांधता येईनात. दूध तर पुष्कळ होतं, पण तिला छातीशी धरून ठेवणारं मनगट नव्हतं. एका रात्री मी नुसती पाळण्याशेजारी बसून तिच्याबरोबर रडले. हातातल्या हिरव्या बांगड्या सुजेत रुतल्या होत्या. साबण लावूनही निघेनात, तेव्हा आईनं कापड गुंडाळून एकेक वाढवली. काही बोलली नाही.

मग आम्ही शिकलो. सासूबाईंनी सगळ्या झबल्यांचे बंद काढून चिकटपट्ट्या शिवल्या. मी बाळाला पंजांऐवजी कोपरापर्यंतच्या हातांवर तोलून घेऊ लागले, खाली दोन उशा. रात्रीचं उचलणं नवऱ्याकडे. पाचव्या महिन्यात अंगावरचं दूध तोडलं आणि मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू केलं, कारण ते घेत असताना पाजता येत नाही. त्याबद्दल मला पुष्कळांनी विचारलं. मी सांगत आले, तिला दुधाइतकीच उचलून घेणारी आई हवी होती.

गेल्या महिन्यात मामेबहिणीचा फोन आला. तिलाही हेच दुखणं, आणि आता पाचवा महिना. "ताई, काहीच दुखत नाही गं. काल मी खोबरं खवलं!" तिच्या आवाजातला तो आनंद मला पुरता ओळखीचा होता. मी तिला खवलेल्या खोबऱ्याचं काय केलं ते विचारलं, नारळीभाताची सगळी हकीकत ऐकून घेतली. मग विचारलं, "बाळंतपणानंतर रात्री उचलायला कोण आहे?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "थांब ताई, ह्यांना पण फोनवर घेते."