फॉसला जून का लागतो?

सुट्टीत घाटनांदूरला आले ती ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरच्या नोट्स घेऊनच. ही प्रथिनं डीएनएवर ठराविक जागी बसतात आणि जनुक चालू किंवा बंद करतात, इथवर ठीक होतं. पुढच्या पानावर फॉस आणि जून आले. फॉसचं दुसऱ्या फॉसशी जमत नाही. जूनचं जूनशी जमतं, पण फॉस-जून ही जोडी त्याहून घट्ट. डीएनए धरणारा भाग तर दोघांकडेही आहे. मग एकट्याचं का भागू नये?

मी मोठ्यानं वाचत होते. "अभ्यासाचं बोलायलीस का सोयरिकीचं?" अप्पांनी शेताकडे निघता निघता विचारलं. उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

शेवटी वहीत हिशेब मांडला. या जोडीची जागा म्हणजे टीजीएसीटीसीए. समोरचा धागा उलट्या दिशेनं वाचला की येतं टीजीएजीटीसीए. म्हणजे दोन्हीकडून सुरुवात टीजीए! एक भिडू या बाजूचं टीजीए धरतो, दुसरा त्या बाजूचं. नुसती तीन अक्षरं योगायोगानं दर 64 अक्षरांमागे एकदा यावीत; माणसाच्या सुमारे 300 कोटी अक्षरांत साडेचार कोटींहून जास्त ठिकाणी. सहा अक्षरं जुळायला हवीत म्हटलं की 4096 मागे एकदा. जागा उरतात सात लाखांच्या आसपास. तरीही पुष्कळच, पण चाळणी कुठे लागते ते दिसलं.

जोडी जमते कशी, हे त्यामानानं सोपं निघालं. 1988 मध्ये लँडशुल्झ, जॉन्सन आणि मॅकनाइट यांनी दाखवलं की अशा प्रथिनांत दर सातवं अमिनो आम्ल ल्युसिन असतं. प्रथिनाच्या सर्पिलाच्या एका वेढ्यात साधारण 3.6 आम्लं बसतात, म्हणून सातवं पुन्हा त्याच अंगाला येतं. ल्युसिनची अशी एक रांगच तयार होते आणि दोन प्रथिनांच्या रांगा एकमेकींना चिकटतात. चेनच्या दातांसारख्या त्या एकमेकींत अडकत असाव्यात असं आधी वाटलं होतं, म्हणून नाव पडलं ल्युसिन झिपर. पुढे कळलं, ल्युसिनं शेजारी शेजारी टेकतात. नाव मात्र तेच राहिलं, आणि माझ्यासारखीचा गोंधळ वाढला.

जोडी लागतेच याची खरी खात्री पटली ती 2001 च्या एका शोधनिबंधानं. पुढे पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात आणि आयसरमध्ये काम केलेले संजीव गलांडे त्याचे पहिले लेखक. विषय टी-पेशींमधलं सॅटबी-1 हे प्रथिन. पेशी मरणपंथाला लागली की कॅस्पेज-6 हे विकर त्याला कापतं. मोठ्या तुकड्यात डीएनए धरणारा भाग शाबूत असतो. फक्त जोडी जमवणारा भाग तुटून गेलेला असतो, आणि तेवढ्यानं तो तुकडा डीएनएवरून सुटतो. हे वाचल्यावर मी अप्पांना बोलावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हे विशेष.

मग त्याच वर्षीचा दुसरा निबंध हाती लागला. त्यात फॉस आणि जून आधी जोडी जमवून मग डीएनएवर बसत नाहीत; एक जण एकटाच आधी टेकतो आणि दुसरा तिथे येऊन त्याला मिळतो. म्हणजे एकटाही धरतो, फक्त टिकत नाही? तिथल्या आलेखांतलं मला अजून निम्मंही उमगलेलं नाही.