लगाम धरणारा माणूस

मागे एका चर्चासत्रासाठी ग्वाल्हेरला जाणे झाले. मुक्काम थाटीपूरला, एका मराठी कुटुंबाकडे होता. शिंद्यांच्या काळात उत्तरेत गेलेली अशी घरे तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. आपल्याकडे मराठी-कन्नड चालते तसेच.

या शहरात रेसकोर्स रोड नावाचा रस्ता आहे. त्यावर 1957 साली स्थापन झालेली लक्ष्मीबाईंच्या नावाची शारीरिक शिक्षण संस्था आहे. घोड्यांच्या शर्यती मात्र आता तिथे होत नाहीत. मी हे बोलल्यावर यजमानांनी कपाटातून एक जुना फोटो काढला. त्यांचे आजोबा एका संस्थानी पागेत मोतद्दार होते. फोटोखाली घोड्याचे, मालकाचे आणि जॉकीचे नाव छापले होते. लगाम धरून उभ्या असलेल्या आजोबांचे नाव नव्हते. ते यजमानांनी मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवले होते.

फोटो पाहून मला बडोद्याचा ‘सयाजीराव’ आठवला. महाराजा प्रतापसिंहराव गायकवाडांनी 1945 मध्ये 28 हजार गिनी मोजून एक शिंगरू विकत घेतले आणि त्याला सयाजीराव महाराजांचे नाव दिले. त्याचा सख्खा भाऊ दांते त्याच वर्षी इंग्लंडची डर्बी जिंकला होता. 1947 मध्ये ‘सयाजीराव’ 2000 गिनीजमध्ये तिसरा आला, डर्बीतही तिसराच. पण आयर्लंडची डर्बी त्याने जिंकली आणि सप्टेंबरात डॉन्कास्टरची सेंट लेजरही. देश स्वतंत्र होऊन जेमतेम महिना झाला होता.

ट्रेनर होते सॅम आर्मस्ट्राँग आणि जॉकी ऑस्ट्रेलियाचे एडगर ब्रिट. हेच ब्रिट 1943 मध्ये पहिल्या इंडियन डर्बीत बडोद्याच्याच ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’वर बसून जिंकले होते. ही नावे पुस्तकांत सापडतात.

पण सेंट लेजर म्हणजे सुमारे 2900 मीटरची दौड. जॉकीचा खेळ तीन-सव्वातीन मिनिटांचा. बाकीचे दिवस घोडा कुणाच्या हाती असतो? पहाटे त्याला रपेट देणारा, नाल ठोकणारा नालबंद, आणि खरारा करून दाणा-वैरण घालणारा मोतद्दार. घोड्याने दाणा अर्धा टाकला, एखादा पाय जरा जपून टेकला, तर ते आधी मोतद्दाराच्या लक्षात येते. त्याने वेळेवर सांगितले नाही, तर ट्रेनरची हुशारी आणि जॉकीचे कसब दोन्ही वाया.

पुण्याला किंवा म्हैसूरला शर्यत पाहायला गेलात, तर आधी पॅडॉकपाशी थांबा. तिथे घोड्याला गोल फिरवणारा माणूस पाहा. घोडा कान टवकारून त्याच्याकडे वळतो, ते पाहण्यासारखे असते.

आणि घरात जुने फोटो असतील, तर आजी-आजोबा आहेत तोवर मागे नावे लिहून घ्या. मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा. कडेला उभ्या असलेल्यांची आधी लिहा.