दारापर्यंत

अण्णांना फोर्ट दाखवायचा ही कल्पना माझी. ज्या माणसाने चौतीस वर्षं तिथल्या एका पेढीचं टपाल वाटलं, त्याला! पण लेकीला आजोबांबरोबर मुंबई बघायची होती आणि मी आदल्या रात्री वाचून तयार होतो.

सीएसएमटीवरून निघालो. दादाभाई नौरोजी मार्गावर मी लेकीला सारखा ‘वर बघ’ म्हणत होतो. अण्णा खाली बघत चालले होते. "या कमानींखालून गेलं की पावसातही फाउंटनपर्यंत टपाल भिजत नसे," एवढंच म्हणाले. १८६०च्या दशकात किल्ल्याचे तट पाडले, नावात तेवढा फोर्ट उरला, ही माझी माहिती त्यांनी सभ्यपणे ऐकून घेतली.

फ्लोरा फाउंटन १८६४चं. शेजारी मशाल धरलेले शेतकरी-कामगार. हुतात्मा स्मारकापुढे अण्णांनी चपला काढून हात जोडले. मी तेव्हा फाउंटनचा फोटो काढत होतो.

पुढे सेंट थॉमस, १७१८चं. तटाच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे वाट यायची तो चर्चगेट, हे लेकीला पटेना. स्टेशन तर केवढं लांब!

हॉर्निमन सर्कल ओलांडून एशियाटिकसमोर आलो तेव्हा अण्णा थकले होते. दुसऱ्याच पायरीवर बसले. "डबा इथेच खायचो आम्ही. दुपारी सावली कुठवर येते ते पाठ होतं." लेक मोजत वर गेली, मागोमाग तिची आई. वरून ओरडली, "तीस!"

"तुम्ही कधी गेला होतात वर?"

"गेलो की. कितीदा तरी. टपाल द्यायला, दारापर्यंत."

"आत?"

"नाही."

"कुणी अडवलं?"

"नाही रे. मी विचारलंच नाही."

१८३३ साली बांधून झालेल्या या टाउन हॉलबद्दल मला बरंच सांगायचं होतं. ते राहिलं. "चला, धरतो मी," म्हणालो. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला, वर खांबांकडे पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच वर पाहिलं असावं. "आता नको."

लेक धावत खाली आली. आत नाना शंकरशेटांचा पुतळा आहे, कपाटंच कपाटं आहेत, लोक चक्क पेपर वाचत बसलेत, असं एका दमात सांगत सुटली. अण्णांनी सगळं ऐकलं.

"पेपर वाचायला पंखा आहे का गं वर?"

"आहे ना!"

"बरं," म्हणाले, आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिला दिली.