विधी विद्यापीठ आणि रयत

चारकोपची वस्ती जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने आखलेल्या लहान लहान भूखंडांवर, सहकारी संस्थांच्या रूपाने उभी राहिली. म्हणून येथे घरोघरी भाडेपट्ट्याचे आणि हस्तांतरणाचे दस्तऐवज जिवापाड जपलेले आढळतात. काल शेजारचे आजोबा असाच एक कागद दाखवावयास आले: घडीवर विरलेला, शिक्क्याची शाई फिकटलेली, आणि आतील इंग्रजी कलमांतून त्यांना आपला हक्क काही केल्या उमगत नव्हता.

तेव्हापासून मनात एकच विचार घोळतो आहे: राज्यातील विधी शिक्षण अशा सामान्य माणसाच्या कितपत उपयोगी पडते? 2014 च्या अधिनियमान्वये महाराष्ट्राने मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे राष्ट्रीय विधी विद्यापीठे स्थापिली. क्लॅट ही विधी प्रवेशपरीक्षा देणारी मुले प्रथम बंगळुरू आणि हैदराबाद यांची नावे घेतात, नागपूर-औरंगाबाद मागाहून येतात. मग या विद्यापीठांवरील खर्च राज्यास फळतो काय, असा प्रश्न निघतो. अग्रक्रमाच्या संस्थेतील पदवीधर बहुधा कंपन्यांना सल्ला देणाऱ्या बड्या पेढ्यांकडे वळतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. परंतु न्यायदानाच्या कार्यासाठीच स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम नागपूरने काढला, ही गोष्ट मला साऱ्या क्रमवारीहून मोलाची वाटते, कारण सामान्य रयतेचे भवितव्य तालुक्याच्या दिवाणी न्यायालयातच ठरते. मात्र शिक्षण इंग्रजीत आणि कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी, हे अंतर लहान नव्हे. या विद्यापीठांनी प्रत्येक विद्यार्थ्याकडून निदान एक दावा आणि एक कैफियत शुद्ध मराठीत लिहून घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.